एस-आय जॉइंट फ्यूजन: चीर दोन इंचाची, पथ्य सहा महिन्यांचं

छोट्या चिरेचं ऑपरेशन म्हटलं की घरच्यांना वाटतं आठवड्यात माणूस कामाला लागणार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली-मिरज भागात काम करते, त्यामुळे एस-आय जॉइंटचं, म्हणजे कणा आणि खुबा जोडणाऱ्या सांध्याचं फ्यूजन (सांधा रॉडने आवळून दोन्ही हाडं कायमची जुळवायची) करून आलेले पेशंट बघते आणि त्यांचं दुखणं वाढतं ते बहुतेक वेळा ऑपरेशनमुळे नाही, तर "टाके सुकले, आता काय राहिलं" ह्या समजुतीमुळे. कातडी दोन आठवड्यांत सांधते पण हाडाला चीर छोटी होती का मोठी ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं, ते त्याच्या वेळेनेच जुळणार. म्हणून ऑपरेशनच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, हे सगळं एका जागी लिहून काढतेय. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण तुमचा एक्स-रे त्यांनी बघितलाय, मी नाही.

आधी हे नक्की करा की दुखतंय ते तिथूनच

पाठीच्या कण्याचं शेवटचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं रुंद हाड जिथे जोडलं जातं तो एस-आय जॉइंट, म्हणजे सेक्रोइलियाक जॉइंट. दोन्ही बाजूला एकेक. हालचाल अगदी नावाला, काही मिलिमीटर, पण वरच्या धडाचं सगळं वजन पायांकडे जातं ते ह्यातूनच. बाळंतपणानंतर, कुल्ल्यावर पडल्यावर, दोन पायांच्या लांबीत फरक असेल तर, किंवा आधी कमरेच्या मणक्यांचं फ्यूजन झालेलं असेल तर हा सांधा कुरकुरायला लागतो. पेशंटला विचारलं कुठे दुखतं तर तो तळहात फिरवत नाही, कमरेखालच्या खळीजवळ एक बोट ठेवतो. कूस बदलताना, खुर्चीतून उठताना, रिक्षात चढताना कळ येते, आणि बसताना माणूस आपोआप दुसऱ्या बाजूवर कलून बसतो.

अडचण अशी की मणक्याची गादी सरकली तरी साधारण तिथेच दुखतं, खुबा खराब असला तरी तिथेच. एमआरआयवर विसंबून चालत नाही, कारण पन्नाशीनंतर हा सांधा झिजलेला दिसणारे कितीतरी लोक आरामात चालत असतात आणि ज्याला खरंच तिथून दुखतंय त्याचा एमआरआय कधीकधी कोरा येतो. म्हणून डॉक्टर पाय-खुबा ठराविक पद्धतीने दाबून-ताणून पाच टेस्ट करतात, त्यातल्या तीन किंवा जास्त टेस्टमध्ये तीच ओळखीची कळ आली तर संशय पक्का होतो. पुढची पायरी इंजेक्शनची. सी-आर्म मशिनखाली, म्हणजे चालू एक्स-रेवर बघत, सांध्यात भुलीचं औषध सोडतात. दुखणं निदान निम्म्याने उतरलं पाहिजे, काही सर्जन तर पाऊणपट उतरल्याशिवाय पुढे जातच नाहीत.

त्या दिवशी एक काम तुमचं. इंजेक्शन घेऊन घरी जाऊन झोपू नका, त्या काही तासांत नेमकं जे केल्याने दुखतं तेच थोडं करून बघा, जिना चढा, खुर्चीत बसा-उठा, आणि दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते कागदावर लिहा. "बरं वाटलं होतं वाटतं" असं आठवड्याने सांगितलं तर सर्जनला त्याचा उपयोग नाही, कागद दाखवला तर आहे.

अजून एक. वय चाळिशीच्या आत असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली राहते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, असं असेल तर तो वाताचा प्रकार असू शकतो, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, आणि त्याला आधी ह्रुमॅटॉलॉजिस्टची औषधं लागतात. आपल्याकडे ह्या सांध्यात टीबीसुद्धा होतो. ताप, वजन कमी होणं, रात्री जास्त ठणकणं असलं काही असेल तर ते आधी निस्तरलं पाहिजे. आणि साधारण सहा महिने व्यायाम, पट्टा, गोळ्या, इंजेक्शन हे सगळं नीट करून झालं नसेल आणि कोणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, लाजायचं काही कारण नाही.

नेमकं काय करतात

लोक ह्याला सरसकट दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात पण दुर्बीण ह्यात नसते. पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, कुल्ल्याच्या बाजूला तीन ते पाच सेंटीमीटरची चीर घेतात, एक्स-रेवर बघत खुब्याच्या हाडातून आरपार मागच्या त्रिकोणी हाडात आधी बारीक तार घालतात आणि तिच्या वाटेने टायटॅनियमचे दोन-तीन रॉड ठोकून किंवा स्क्रू पिळून बसवतात. तीन कडांचे रॉड हा त्यातला सगळ्यात जास्त अभ्यास झालेला प्रकार, अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. तीन कडांमुळे रॉड हाडात गोल फिरत नाही. साधारण तासाभराचं काम, रक्त कमी जातं, दवाखान्यात एक-दोन रात्री.

रॉड बसला की सांधा त्याच दिवशी बऱ्यापैकी आवळला जातो, पण हाड त्या रॉडच्या खरबरीत पृष्ठभागावर वाढून त्याला धरून ठेवायला महिने लागतात, पूर्ण फ्यूजनला सहा महिने ते वर्ष. पुढचं सगळं पथ्य त्या मधल्या काळासाठी आहे. तेवढ्या दिवसांत रॉड हलत राहिला तर हाड त्याला धरत नाही, ढिला पडतो, आणि मग दुखणं परत पहिल्यासारखं.

चार-सहा आठवडे आधीची तयारी

पहिलं नाव तंबाखूचं. निकोटिनने हाडाचा रक्तपुरवठा आखडतो, आणि फ्यूजन न होण्याच्या कारणांत हे नेहमी वर असतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे निदान माहीत तरी असतं, आमच्याकडच्या बायका मात्र सरळ सांगतात, "तंबाखू कुठे खाते मी ताई, नुसती मशेरी लावते." मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटिन हिरड्यातून थेट रक्तात जातं. गुटखा, मावा, तपकीर, सगळं त्याच हिशोबात. निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतर तीन महिने तरी बंदच. निकोटिनचं च्युइंगम घेणार असाल तर तेही सर्जनला सांगून घ्या. आणि खरं सांगा, भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा सासूबाई किंवा मुलगा समोर असेल म्हणून लपवू नका, त्यांना बाहेर थांबायला सांगा.

शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करून घ्या, साडेसात-आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबवतात कारण जखम चिघळते. व्हिटॅमिन डी तपासा, आपल्या उन्हाच्या देशात ते इतकं कमी कसं सापडतं ह्याचं नवल वाटतं पण सापडतं. पाळी गेलेल्या बाईंनी हाडांची घनता बघणारी डेक्सा टेस्ट मागून घ्या, ठिसूळ हाडात रॉड नीट धरत नाही. दाढ किडलीय, लघवीला जळजळ होतेय, मांडीवर गळू आलंय, ह्या गोष्टी किरकोळ समजून लपवू नका, तिथले जंतू रक्तातून धातूवर जाऊन बसले तर फार त्रास होतो. चिरेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक कापतं आणि तिथून इन्फेक्शन होतं, लागले तर दवाखान्यात मशिनने काढतात.

गोळ्यांची यादी मोबाईलवर नको, कागदावर करा, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णं धरून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील, स्टेंट बसवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या साधारण तीन-चार दिवस आधी थांबवतात. वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर तेही भूलतज्ज्ञाला सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

मेडिक्लेम असेल तर ठरवून करायच्या ऑपरेशनची कॅशलेस परवानगी आधीच मागा. इंजेक्शनचा रिपोर्ट, सहा महिन्यांच्या फिजिओच्या पावत्या, जुनी प्रिस्क्रिप्शनं फाईलला लावा, कंपनी नेमकं हेच विचारते की आधी काय उपाय केले. सांध्यांच्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो तो बघून घ्या, आणि रूमच्या भाड्याची मर्यादा बघा, कारण त्याच्या वरची रूम घेतली की नुसता रूमचा फरक नाही, बाकीचं बिलही बऱ्याचदा त्याच प्रमाणात कापलं जातं. इम्प्लांटची किंमत वेगळी लेखी विचारा, बिलात सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. महात्मा फुले योजनेत बसतं का हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

घर आणि वजनकाटा

घरात जमिनीवरचं आयुष्य सहा-आठ आठवडे बंद. कॉट हवी, उंची एवढी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड चेअर भाड्याने मिळते, नाहीतर प्लास्टिकचा भोक असलेला स्टूल, पण तो डुगडुगत नाही ना हे आधी निरोगी माणसाने बसून बघावं. पायपुसणी गुंडाळून ठेवा. रोजचे डबे, कपडे, औषधं कमरेच्या उंचीवर आणा. बाथरूममध्ये खुर्ची, लांब दांड्याचा मग. गाईची धार काढणं, चुलीपुढे बसणं, वेणी घालायला मांडी घालून बसणं, ही कामं कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतःच गोठ्यात जाऊन बसते.

वॉकर आधीच आणा आणि मापाने लावून घ्या. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ आली पाहिजे, धरल्यावर कोपर थोडा वाकलेला. आणि चालण्याची प्रॅक्टिस ऑपरेशनच्या आधी करा, नंतर भुलीच्या गुंगीत आणि दुखण्यात नवीन काही शिकता येत नाही.

बहुतेक सर्जन सांगतात, ऑपरेशनच्या पायावर अर्धवट वजन द्या, कुणी तीन आठवडे, कुणी सहा. अर्धवट म्हणजे किती? हे कोणालाच कळत नाही. मी साधा वजनकाटा जमिनीवर ठेवते, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी, चांगला पाय फळीवर, ऑपरेशनवाला काट्यावर, हात वॉकरवर. एका मावशींना म्हटलं, मावशी, वीस किलोपर्यंतच टेकवा. त्यांनी अगदी जपून टेकवला आणि काटा चाळिसाच्या पुढे. "अगं बया, एवढासाच तर ठेवला!" मग काट्याकडे बघत पाच-सहा वेळा केलं, त्यानंतर न बघता, तेव्हा कुठे अंगाला ते वजन कळलं. तुमच्यासाठी आकडा सर्जनकडून घ्या, काटा घरचा चालेल.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी

जेवण सहा तास आधी बंद, तेलकट-जड असेल तर आठ तास. साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण वेळ तुमच्या भूलतज्ज्ञाने दिलेलीच पाळा. दुधाचा चहा हे पाणी नाही. पहाटे घोटभर चहा घेतला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं कितीदा ऐकलंय. औषधी साबण दिला असेल तर त्याने अंघोळ, नेलपॉलिश काढून, दागिने घरी. कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे ते सर्जन पेनने खूण करतात, तुम्हाला विचारूनच करतील, तेव्हा भानावर राहून सांगा.

पहिले दोन आठवडे

शुद्धीवर आलं की दोन्ही पावलं वर-खाली, तासाला वीस-तीस वेळा, रक्त गोठू नये म्हणून. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करतात. उठायची पद्धत ही: गुडघे वाकवा, खांदे आणि खुबा एकदम अशा अख्ख्या अंगाने चांगल्या कुशीवर वळा, पाय कॉटबाहेर सोडताना हाताने रेटून बसा. कमरेतून पिळायचं नाही. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दुखऱ्या एका पायावर उभं राहून पँट किंवा परकर घालायचा नाही, बसून घाला, दुखरा पाय आधी.

झोपताना उताणे, गुडघ्याखाली उशी. किंवा चांगल्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बसायची जागा बदला. चालणं मात्र थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा, एकदम लांब नको.

कुल्ल्याचा स्नायू पहिले आठ-दहा दिवस चांगलाच दुखतो, काळानिळाही पडतो, त्याला घाबरू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, थेट जखमेवर नाही. गोळ्यांत एक गफलत फार होते, दवाखान्याने दिलेल्या ट्रामाडॉलच्या (जोरदार पेनकिलर) गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच असतं आणि घरचे वरून ताप-अंगदुखीची म्हणून अजून पॅरासिटामॉल देतात. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, दोन्ही मिळून दिवसाला किती चालेल ते विचारा. सुजेवरच्या दुसऱ्या पेनकिलर गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, काही सर्जन हाड जुळेपर्यंत त्या टाळतात. ट्रामाडॉलने पोट घट्ट होतं आणि संडासला जोर लावला की कळ थेट सांध्यात जाते, म्हणून इसबगोल, पपई, भरपूर पाणी पहिल्या दिवसापासूनच.

टाके दहा ते चौदा दिवसांनी. तोवर ड्रेसिंग कोरडं, वॉटरप्रूफ असेल तर डोक्यावरून अंघोळ चालते. विहीर, नदी, टब नाही. हळद, तेल, कसलीही पावडर जखमेवर नाही. आणि मालिशवाल्याला किंवा हाडवैद्याला त्या खुब्याला हात लावू देऊ नका, पाहुणे आग्रह करतात, करू दे.

लगेच फोन करायचा कधी? पायात अचानक नवीन मुंग्या, करंट किंवा बधिरपणा, पाऊल वर उचलत नाही: रॉड नसेला लागत असू शकतो, ह्यात थांबून बघू असं करायचं नाही. जखमेतून पाणी-पू, १०१ च्या वर ताप. पोटरी एकाच बाजूची सुजून कडक, दुखरी. लघवी अडकली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा. आणि एकदम दम लागला, छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिने

हाच धोक्याचा काळ, कारण बरं वाटायला लागतं. पहिल्या एक्स-रेपर्यंत, साधारण सहा आठवडे, मांडी नाही, उकिडवं नाही, खाली बसून केर-फरशी नाही, चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही. पाण्याची कळशी तेवढ्यापेक्षा जास्तच भरते. नातवाला कडेवर तर अजिबात नाही, कारण माणूस कडेवर घेतलं की एक खुबा बाहेर काढून उभा राहतो.

व्यायाम सुरुवातीला कंटाळवाणेच: कुल्ले आवळून पाच सेकंद धरायचे, बेंबीखालचं पोट श्वास न रोखता आत ओढायचं, टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा. सर्जनने पूर्ण वजनाची परवानगी दिली की वॉकर सोडून काठी, आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात, दुखऱ्या बाजूच्या नाही. साधारण सहा आठवड्यांनंतर ब्रिज, म्हणजे उताणे झोपून कंबर उचलणं, मग कुशीवर झोपून गुडघा उघडणं. एका पायावरचे आणि उड्यांचे प्रकार तीन महिन्यांच्या आधी नाहीत, यूट्यूबवर दिसतात म्हणून करू नका. व्यायामानंतर दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्मं करा.

चारचाकी चालवणं ट्रामाडॉल पूर्ण थांबल्यावर आणि ब्रेक जोरात दाबता येतो हे उभ्या गाडीत तपासून, साधारण चार ते सहा आठवड्यांनी. दुचाकी उशिरा, थांबताना गाडीचं वजन एका पायावर येतं आणि आपले खड्डे तुम्हाला माहीतच आहेत. मागे एका बाजूने पाय सोडून बसणं तीन महिने तरी बंद ठेवा, त्याने सगळं धड एकाच खुब्यावर पिळलं जातं. एसटीने जायची वेळ आलीच तर मागच्या चाकावरची सीट सोडून मधली घ्या. नवरा-बायकोचे संबंध साधारण चार ते सहा आठवड्यांनी, दुखणार नाही अशा बेताने. हे कोणी विचारत नाही म्हणून इथे लिहिलं.

टेबलावरचं काम बरेच जण दोन ते सहा आठवड्यांत सुरू करतात, शेतातलं, बांधकामावरचं, दिवसभर उभ्याचं काम तीन महिने किंवा जास्त. रजेचा दाखला घेताना हलकं काम असं स्पष्ट लिहून घ्या.

तीन महिन्यांनंतर

एक्स-रे साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष असे होतात. दुखत नाही म्हणून चुकवू नका. सहा महिन्यांनंतरही पूर्वीसारखंच दुखत असेल तर सीटी स्कॅन करून रॉड नीट धरलाय का बघतात. दुखणं शून्य होईल अशी आशा धरू नका, ऑपरेशनच्या आधी जिना चढताना, झोपताना, बसताना दहापैकी किती दुखायचं त्याच्याशी आजचं ताडून बघा, फरक तिथे कळतो. कधीकधी दुसऱ्या बाजूचा सांधा किंवा खुबा बोलायला लागतो, महिनोन्महिने त्याच्यावर कलून चालल्यामुळे, तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्या ऑपरेशनचा विचार नको, आधी चाल सुधारा.

इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज फाईलमध्ये लावून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. टायटॅनियम असल्यामुळे पुढे एमआरआय सहसा करता येतो, पण करणाऱ्याला तो फोटो आधी दाखवा.